मुरलेलं मोले

आमच्या रेस्टॉरंटमधल्या जेवणाचा फोटो बघून आज्जींनी पहिल्यांदा विचारलं काय, तर टोर्तिया, म्हणजे इथली मक्याची भाकरी, हाताची होती का मशीनची. मला वाटलेलं त्या विचारतील कोंबडी कुठंय, किंवा एवढ्या पैशात एवढंसंच का, कारण हाच फोटो व्हॉट्सॲपवर बघून मिरजेहून आईनी अगदी हेच विचारलं होतं. पण आज्जी पडल्या वाहाकाच्या, म्हणजे दक्षिण मेक्सिकोतल्या. चाळीस वर्षांपूर्वी गाव सोडून मेक्सिको सिटीत आल्या, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात, मला 'मीहा' म्हणतात म्हणजे आपलं 'पोरी', आणि त्यांचं खाण्याबद्दलचं कुठलंही बोलणं मक्यापासून सुरू होतं.

तर झालं असं, आम्हाला इथे येऊन आता चार वर्षं होत आली आणि लग्नाचा दहावा वाढदिवस होता म्हणून खूप आधीपासून बुकिंग करून आम्ही पुहोलला जेवायला गेलो. पुहोल हे पोलान्को भागातलं रेस्टॉरंट, एन्रिके ओल्वेरा या शेफचं, ते न्यूयॉर्कजवळच्या हाइड पार्कमध्ये शिकून आले आणि २००० साली त्यांनी हे सुरू केलं. सुरुवातीला तिथलं जेवण आजच्यासारखं नव्हतं, युरोपातलं शिकलेलं तंत्र जास्त आणि मेक्सिको त्यात थोडा थोडा. मग वर्षागणिक ते मागे मागे जात राहिले, रस्त्यावरच्या गाड्यांकडे, गावच्या चुलींकडे, आणि आता त्यांची जी डिश जगभर माहितीये ती म्हणजे मोले, मिरच्या आणि मसाले वाटून केलेला दाट रस्सा. नुसतं मोले.

सपाट डिशमध्ये एक मोठं गडद वर्तुळ, जवळजवळ काळं, चकाकणारं. त्याच्या मधोमध विटकरी रंगाचं छोटं वर्तुळ. शेजारी गरम टोर्तिया, त्यात ओहा सांता नावाचं मोठं सुवासिक पान दाबून भाजलेलं, पिठात त्याच्या हिरव्या शिरा दिसत होत्या. संपलं. मांस नाही, भात नाही, वर तीळसुद्धा भुरभुरलेले नाहीत आणि चमचाही नाही. मधलं विटकरी ते ताजं मोले, त्यातली फळं आणि मसाले मोसमाप्रमाणे बदलतात. बाहेरचं काळं ते 'मोले माद्रे', आई-मोले, ते २०१३ पासून रोज गरम होत आलंय, थोडं वाढून झालं की त्यात नवीन मिसळायचं आणि पुन्हा गरम करायचं, आपलं विरजण चालतं ना घरात वर्षानुवर्षं, तसं.

मी तुकडा आधी मधल्यात बुडवला. त्यात मिरची कळली, फळाचा आंबटगोडपणा कळला, दालचिनी कळली, म्हणजे एकेकाला नावानं हाक मारता आली. मग बाहेरच्यात बुडवला आणि काही म्हणजे काही वेगळं काढता येईना, लवंग कुठे संपते आणि तीळ कुठे सुरू होतो, सगळं एकमेकांत विरघळून एकच चव झालेली, जाड, खोल, थोडी कडवट, आणि जिभेवर कितीतरी वेळ राहणारी. मराठीत याला शब्द आहे आणि तो मला तिथेच आठवला. मुरलेलं. लोणचं मुरतं तसं ते मोले मुरलेलं होतं.

आज्जींना मी हे सगळं उत्साहात सांगत होते, रोज गरम करतात, इतकी वर्षं झाली, तर त्या मान हलवून म्हणाल्या, "मग बरोबर आहे, मीहा. लग्नातलं मोले तिसऱ्या दिवशीच खरं लागतं. पाहुणे गेल्यावर मागे राहिलेलं जे असतं ते स्वयंपाक करणाऱ्या बायका खातात, तेव्हा त्याला कोंबडी वगैरे काही उरलेली नसते, नुसतं पातेल्याच्या तळाचं मोले आणि टोर्तिया."

मी गप्पच झाले. कारण म्हणजे ही जी डिश बघायला लोक विमानानं येतात ती, आज्जींच्या हिशोबानं, लग्नघरातल्या दमलेल्या बायकांचं तिसऱ्या दिवशीचं जेवण आहे. ओल्वेरांनी ते कुठून घेतलं मला माहीत नाही आणि त्यानं फरकही पडत नाही. शिळं मोले ताज्यापेक्षा चांगलं लागतं हे इथे पोराटोरांनाही माहितीये, ते ओळखून, त्यावर विश्वास ठेवून, बाकीचं सगळं ताटातून काढून टाकायचं हे धाडस मात्र त्यांचं. मला फाइन डायनिंगमध्ये एवढीच गोष्ट खरी वाटते, काढून टाकायची हिंमत. लोक म्हणतात अमक्या शेफनी साध्या जेवणाला उंचीवर नेलं. मला हे वाक्य अजिबात पटत नाही. मोले साधं कधी होतं?

मी आज्जींबरोबर दोनदा केलंय म्हणून सांगते. वाहाकाचं मोले नेग्रो म्हणजे काळं मोले करायचं तर आधी तीन-चार प्रकारच्या सुक्या मिरच्या आणायच्या, चिल्वाक्ले, मुलातो, पासिया. त्यातली चिल्वाक्ले वाहाकाच्या कान्यादा भागात होते, लावणारे शेतकरी थोडेच उरलेत म्हणून ती भयंकर महाग. सगळ्यांचे देठ काढायचे, बिया काढायच्या पण टाकायच्या नाहीत. बिया तव्यात पूर्ण काळ्या होईपर्यंत जाळायच्या. हो, जाळायच्याच, त्याबरोबर एक टोर्तियाही कोळशासारखी होईपर्यंत जाळायची, मग ते सगळं पाण्यात घालून पाणी बदलत राहायचं म्हणजे कडूपणा उतरतो आणि तो काळा रंग राहतो. हे काम गच्चीवर करायचं, घरात केलं तर सगळ्या बिल्डिंगला ठसका लागेल. मिरजेला माझी आत्या उन्हाळ्यात मसाल्याच्या मिरच्या भाजायला बसायची तेव्हा अख्खा वाडा खोकायचा, पहिल्यांदा या गच्चीवर तो धूर नाकात गेला तेव्हा मला डोळ्यांतून पाणी आलं ते फक्त मिरचीनं नव्हतं.

मग तीळ, शेंगदाणे, बदाम, मनुका, पिकलेलं मोठं केळं, कांदा, लसूण, टोमॅटो, लवंग, मिरे, दालचिनी, हे सगळं वेगवेगळं भाजायचं किंवा तळायचं, एकत्र अजिबात नाही कारण तिळाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात लवंग जळून जाते. मी भाजत होते आणि आज्जी शेजारी उभ्या राहून फक्त रंग बघत होत्या, चव घेत नव्हत्या, वासावर आणि रंगावर सांगायच्या, काढ. मग मोठं पातेलं उचलून गल्लीच्या टोकाच्या मोलिनोत. मोलिनो म्हणजे गिरणी, पण ओलं दळून देणारी, लोक पातेली घेऊन रांगेत उभे असतात, आपल्याकडे मसाला डंकावर नेतात ना, डिट्टो तेच, आणि तशाच गप्पा. घरी आणून ते वाटण डुकराच्या चरबीत परतायचं आणि ढवळत राहायचं, थोडा थोडा कोंबडीचा रस्सा घालत, दोन-तीन तास, शेवटी चॉकलेट आणि भाजलेलं अवोकाडोचं पान. दुसऱ्या वेळी माझा खांदा दोन दिवस दुखत होता. आज्जी हे सत्तरीत करतात.

मोले हा शब्दसुद्धा स्पॅनिश येण्याआधीचा, नाहुआत्ल भाषेतल्या 'मोल्ली'वरून आलाय, अर्थ सॉस, वाटण, जे म्हणाल ते. ग्वाकामोलेतलं मोले पण तेच. मिरची, टोमॅटो, चॉकलेट इथलं. लवंग, मिरे, दालचिनी मात्र आपल्या बाजूची, समुद्र ओलांडून आलेली, १५६५ पासून अडीचशे वर्षं फिलिपिन्सच्या मनिलाहून इथल्या आकापुल्को बंदरात जहाजं येत होती. आणि उलट्या दिशेनं मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली, पुढचं तुम्हाला माहितीचंय.

इतकं सगळं असूनही हे जेवण मोठ्या हॉटेलात जायला इतका वेळ का लागला, तर त्याचं कारण जिभेत नाही, लाजेत आहे. पोर्फिरिओ दियास या हुकूमशहाच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून १९११ पर्यंत, इथले श्रीमंत लोक फ्रेंच जेवायचे, १९१० साली स्वातंत्र्याची शंभरी साजरी झाली तेव्हाच्या सरकारी मेजवान्यांचे मेनूसुद्धा फ्रेंच होते. स्वातंत्र्य मेक्सिकोचं आणि ताटात फ्रान्स! त्याआधी १८९९ मध्ये फ्रान्सिस्को बुल्नेस नावाच्या राजकारण्यानं चक्क असं लिहून ठेवलं की माणसांचे तीन वंश, गहू खाणारे, तांदूळ खाणारे आणि मका खाणारे, आणि मकावाले मागे पडले ते मक्यामुळेच. विचार करा, ज्या देशात साधारण नऊ हजार वर्षांपूर्वी तेओसिन्ते नावाच्या गवतापासून माणसानं मका घडवला, त्याच देशात मका म्हणजे गरिबांचं, इथल्या मूळनिवासी लोकांचं, खालचं. पाहुण्यांसमोर ब्रेड ठेवायचा. आपल्याकडे भाकरीचं हेच होतं की बराच काळ, पाहुणे आले की पोळ्या.

म्हणून आज्जींचा प्रश्न टोर्तियाचा होता. आणि तो बरोबर जागी लागतो, कारण मोले कितीही थोर असलं तरी ते उचलायचं टोर्तियानं.

टोर्तियाचं पीठ म्हणजे नुसता सुका मका दळलेलं पीठ नव्हे, हे मला इथे येऊन कळलं. सुका मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, एक किलोला साधारण दहा ग्रॅम चुना, पानाला लावतो तोच पदार्थ, फक्त इथे खाण्यासाठी म्हणून वेगळा विकतात. थोडा शिजला की गॅस बंद आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी दाण्याची साल बोटांनी चोळली की निघून येते. मग धुवायचा आणि दगडावर दळायचा. या मक्याला नीश्तामाल म्हणतात आणि दळून मळलेल्या पिठाला मासा (आपला मासा नाही, पहिल्या महिन्यात मी बाजारात गोंधळले होते). चुन्यानं पीठ चिकट होतं, लाटता-थापता येतं, आणि मक्यातलं बी-३ जीवनसत्त्व शरीराला मिळायला लागतं. स्पॅनिश लोक मका घेऊन गेले पण ही रीत घेऊन गेले नाहीत, आणि मग उत्तर इटलीत, पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला, कातडी सोलवटायची, डोक्यावर परिणाम व्हायचा, माणसं मरायची. इथल्या बायकांना हजारो वर्षं जे माहीत होतं ते कुणी त्यांना विचारलंच नाही.

शहरात आता बऱ्याच ठिकाणी तयार कोरड्या पिठाच्या टोर्तिया मिळतात. त्यांना वास नसतो. खऱ्या नीश्तामालचा वास मला सांगायचा तर, चुना मारलेल्या भिंतीवर पहिला पाऊस पडल्यावर जो येतो, तो, आणि त्याच्यामागून गोडसर मका. पुहोलच्या टोर्तियाला तो वास होता. ओल्वेरांनी २०१८ मध्ये कोंदेसा भागात एक छोटी मोलिनो पण उघडली, तिथे गावरान मक्याच्या टोर्तिया साध्या दुकानासारख्या विकत मिळतात, आम्ही महिन्यातून एकदा तरी जातो. मेक्सिकोत मक्याचे साठेक गावरान वाण आहेत, निळा, लाल, पांढरा, पिवळा, आणि १९९४ च्या व्यापार करारानंतर अमेरिकेतून स्वस्त मका यायला लागल्यावर हे वाण लावणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. एखादं रेस्टॉरंट त्या मक्याला बाजारापेक्षा जास्त भाव देतं तेव्हा ते मला प्लेटिंगपेक्षा कितीतरी मोठं काम वाटतं.

असंच काम किंतोनिलचं. हे रेस्टॉरंट होर्हे वायेहो आणि त्यांची बायको आलेहांद्रा फ्लोरेस यांनी २०१२ मध्ये सुरू केलं, वायेहो आधी पुहोलमध्ये होते, आणि २०२५ च्या जगातल्या ५० बेस्ट रेस्टॉरंटांच्या यादीत ते तिसरं आलं. पण मला सगळ्यात आवडतं ते त्याचं नाव. किंतोनिल म्हणजे काय माहितीये? माठ! राजगिऱ्याच्या जातीतली पालेभाजी, मक्याच्या शेतात आपोआप उगवणारी. अशा सगळ्या रानभाज्यांना इथे केलीतेस म्हणतात, त्यात वेर्दोलागास म्हणजे आपली घोळ आहे, चाकवताची चुलत भावंडं आहेत. मंडईत पहिल्यांदा घोळीची जुडी बघितली तेव्हा मी भाजीवालीला मिठीच मारणार होते. आणि राजगिऱ्याच्या लाह्या गुळाच्या पाकात घालून वड्या करतात, आलेग्रिया नाव, म्हणजे आनंद, रस्त्यावर विकतात, एकादशीला मी त्याच खाते. या राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून पूजेनंतर लोक खायचे म्हणून स्पॅनिश पाद्र्यांचा त्यावर राग होता. गरिबाच्या बांधावरच्या भाजीचं नाव दारावर लावायचं, हे मला फार मोठं वाटतं. तिकडे आपल्याकडे पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी विकायला बायका रस्त्याकडेला बसतात आणि आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो.

सगळीकडे असं छान चाललंय असं मात्र नाही. इथल्याच एका महागड्या ठिकाणी, नाव नाही लिहीत, मी मोले मागवलं तर बदकाच्या तुकड्याशेजारी चार थेंब आले. मोजून चार. टोर्तिया मागितली तर वेटर म्हणाला ती मेनूत नाही, ब्रेड आणू का. मला खरंच राग आला. तीस जिन्नस वेगवेगळे भाजून, दळून, तीन तास ढवळून केलेली गोष्ट तुम्ही ठिपक्यांसारखी वापरता आणि ती ज्यानं खायची तेच देत नाही, मग मेनूवर 'आज्जीच्या रेसिपीला मानवंदना' कशाला लिहिता.

आणि मग पैशाचा प्रश्न येतोच, तो मी टाळणार नाही. पुहोलमधलं एका माणसाचं जेवण इथल्या दहा दिवसांच्या किमान वेतनापेक्षा महाग आहे, २०२४ मध्ये ते वेतन दिवसाला सुमारे २४९ पेसो होतं. आज्जींसारखी बाई तिथे पाहुणी म्हणून जाणार नाही. २०१७ मध्ये कोपनहेगनच्या नोमा या प्रसिद्ध रेस्टॉरंटनं इथल्या तुलुमला सात आठवडे बस्तान थाटलं, माणशी ६०० डॉलर, आणि टोर्तिया करायला युकातानमधल्या याशुना गावच्या माया बायका होत्या, सगळ्यांसमोर उघड्यावर बसून. तेव्हा खूप चर्चा झाली, कौतुकही झालं, टीकाही. मला वाटतं त्या बायका दिसल्या हे चांगलंच झालं, पण दिसणं आणि नाव होणं यात अंतर असतं. २०१० मध्ये युनेस्कोनं मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा अर्जात मिचोआकान राज्याचं उदाहरण होतं, तिथल्या गावच्या बायकांचं, त्यांना इथे 'कोसिनेरास त्रादिसिओनालेस' म्हणतात, पारंपरिक स्वयंपाकिणी. वाहाकात तेओतित्लान देल वाये गावात आबिगाइल मेन्दोसा आणि त्यांच्या बहिणींनी १९९० मध्ये त्लामानाली नावाचं स्वतःचं रेस्टॉरंट काढलं, सापोतेक या तिथल्या मूळ लोकांचं जेवण, मेतातेवर, म्हणजे दगडी पाट्यावर, गुडघ्यावर बसून वाटलेलं. पुहोलच्या दहा वर्षं आधी! हे नाव शेफ लोकांच्या नावांइतकंच सगळ्यांच्या तोंडी असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मे २०२४ मध्ये रेस्टॉरंटांना स्टार देणाऱ्या मिशलिननं पहिल्यांदा मेक्सिकोचं गाईड काढलं, पुहोल आणि किंतोनिलला दोन-दोन स्टार मिळाले, आणि एक स्टार मिळाला सान राफाएल भागातल्या एल कालिफा दे लेओन या टाकोच्या, म्हणजे मांस ठेवून दुमडलेल्या टोर्तियाच्या, दुकानाला. १९६८ पासूनचं दुकान, जागा दहा बाय दहा फूट, उभं राहून खायचं, मेनूत चार टाको. तिथे मांसाचा पातळ काप तव्यावर पडतो, वर मीठ आणि लिंबू पिळतात, आणि शेजारी एक बाई पिठाचा गोळा दाबून टोर्तिया टाकत असते, एकामागून एक, मान वर न करता. मी तिथे रांगेत उभी होते तेव्हा माझी नजर तिच्या हातावरून हलत नव्हती.

तर आज्जींना मी सांगितलं, हाताची होती, आणि फुगली होती. त्यांनी फोटो पुन्हा जवळ घेतला, दोन बोटांनी मोठा केला, काळ्या वर्तुळाची कड बघितली, म्हणाल्या, "वाटण बारीक आहे. पाट्यावरचं नाही हे, पण चांगलं आहे." मग उठून आत गेल्या आणि एक पिशवी घेऊन आल्या, भावानं गावाहून पाठवलेला पांढरा मका, तीन किलो. म्हणाल्या मोले तू शिकलीस, आता हे शिक, उलटं शिकलीस तू.

आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत, मका पातेल्यात पडलाय आणि पाणी पिवळं झालंय, मघाशी एक दाणा काढून चोळून बघितला तर साल अर्धी सुटतीये. सकाळी सातला आज्जी वर येणारेत. मेताते गच्चीवरून खाली आणायचाय, तो एकट्यानं उचलत नाही, म्हणून नवऱ्यानं साडेसहाचा गजर लावलाय.